डाव्या डोळ्याचा खरा नंबर

“डोंगरात हिला काय वाचायचंय? शेळ्या दिसल्या म्हंजे झालं.”

जुन्नरच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात शेठ हे बोलले आणि बाकावरची गिऱ्हाइकं हसली. मी नऊ वर्षांची होते. नाकावर तपासणीची जड फ्रेम होती, तिच्यात एकावर एक काचा सरकवलेल्या. त्या काचांतून मला समोरच्या भिंतीवरची अक्षरं आयुष्यात पहिल्यांदा दिसली होती. शेठनी आकडे मोठ्यानं सांगितले. उजवा मायनस सहा. डावा मायनस अकरा. मला पाढे पाठ होते, आकडेही पाठ झाले.

मग त्यांनी कपाटातून एक जाड काच काढली. चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. “ही असली बाटली तोंडावर लावून पोरगी खपवणार कुठं?”

माझे वडील पायरीवर उभे होते. आत या, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, “शेठ, जरा पातळ बघा की. लई जाड नको.”

“पातळ तर पातळ.”

दोन्ही डोळ्यांना मायनस पाच. नंबराचा कागद दिला नाही.

वडिलांना आनंद झाला. आमच्या वाडीत समज असा की काच जाड म्हणजे दुखणं मोठं, काच पातळ म्हणजे दुखणं उतरलं. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, “पातळ बसली. आता घोर न्हाई.”

उजव्या डोळ्यानं मी शिकले. पुढच्या बाकावर बसून, फळ्याकडं मान पुढं काढून. डावा डोळा नुसता चेहऱ्यावर होता. भाताच्या खाचरात बांधावरून पाय सुटायचा. फेकलेला चेंडू हातात न येता तोंडावर बसायचा. घरात मला धांदरट म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं. काच फुटली, नंबर वाढला की पुन्हा तेच दुकान. दर वेळी दोन्ही काचा सारख्या आणि पातळ.

आश्रमशाळेतल्या बाईंनी माझा कॉलेजचा फॉर्म स्वतः भरला. त्यांचे उपकार फिटणार नाहीत. त्यांच्यामुळं मी पुण्यात ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासून नंबर काढायचं शिकायला, गेले. पहिल्याच वर्षी काचेचा नंबर मोजायचं यंत्र शिकवलं. मी माझाच चष्मा त्याच्याखाली ठेवला. दोन्हीकडं सात. सरांनी डोळे तपासले. उजवा आठ, डावा चौदा. चौदाची काच लावूनही डावा डोळा तक्त्यावर दुसऱ्या ओळीच्या खाली उतरेना.

सर म्हणाले, “मेंदूनं हा डोळा वापरणं सोडून दिलंय. लहानपणी खरा नंबर लागला असता तर पुष्कळसा वाचला असता. कुणी तपासलंच नव्हतं का?”

“तपासलं होतं, सर.”

मी चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

त्याच वर्षी जाडीचा धडा झाला. मायनसची काच मधे पातळ असते, कडेला जाड. नंबर वाढेल तशी कड वाढते. ती कमी करायची तर फ्रेम लहान घ्यायची. नाहीतर भारी इंडेक्सची काच घ्यायची, ती महाग, पण तेवढाच नंबर कमी जाडीत देते. आणखी एक रस्ता पुस्तकात नव्हता. नंबरच कापायचा.

पदवी घेऊन आले तेव्हा जुन्नरमध्ये माझ्यासाठी एकच खुर्ची रिकामी होती. त्याच दुकानात. शेठ लोकांना सांगायचे, “आमच्याच गिऱ्हाइकाची पोरगी.” मी त्यांच्या पाया पडले. हो, पडले. पोटासाठी, आणि उपकार मानायची सवय लागलेली म्हणून.

पिंपळवंडीच्या एका बागायतदाराची मुलगी आली. मायनस दहा. तिला खुर्ची, चहा, लहान गोल फ्रेम, भारी काच. पूर्ण नंबर. त्याच आठवड्यात डोंगरातलं एक पोर आलं. मी लिहिलेला नंबर शेठनी ऑर्डरच्या चिठ्ठीवर खोडला आणि पाच लिहिला. मी पाहिलं. पुढच्या महिन्यात आणखी एक पोर. तेव्हाही पाहिलं. दोन्ही वेळा गप्प बसले.

गेल्या महिन्यात एक आई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. उजवा साडेसहा, डावा दहा. जवळजवळ माझेच आकडे.

आई म्हणाली, “ताई, पातळच द्या. जाड घातला का पोरं बाटली म्हणत्यात. उद्या लगीन बी करायचंय.”

मी माझा उजवा डोळा तळहातानं झाकला. तक्त्याकडं तोंड केलं. “वरची मोठी अक्षरं दिसतात. खाली सगळं धूर. मला पातळ काच दिली होती, म्हणून.”

“तुमी डाक्टरीन असून?”

काउंटरवरून शेठ म्हणाले, “मॅडम, गिऱ्हाईक घाबरवू नका. पाच टाका दोन्हीला.”

“नाही.”

“काय म्हणालात?”

“लहान फ्रेम देऊ, कड कमी दिसेल. पण नंबर कापणार नाही.”

शेठ उठले. मॅडमचं तू झालं. “खुर्चीवर बसलीस ती कुणामुळं? लई शानी झालीस व्हय?”

“अकरा होता, शेठ. माझा डावा. तुम्ही मोठ्यानं म्हणाला होतात. आणि पाच दिलात.”

बाकावरची गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

“तुझ्या बापानंच पातळ मागितली.”

हे खरं होतं. तरी मी म्हणाले, “मागितली. त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.”

त्या आईनं मुलीचा हात धरला. “घरी मालकांना इचारून येते,” म्हणाली आणि निघून गेली. चष्मा न घेता. शेठनी मला त्याच संध्याकाळी कामावरून काढून घरी बसवलं.

तीन आठवडे झाले. ती आलेली नाही, मी दुकानासमोरच्या चहावाल्याला रोज विचारते. त्या मुलीचा डावा डोळा थांबणार नाही. रोज थोडा थोडा तो कामातून जातोय, आणि तिच्या घरात कुणाला ते दिसत नाही, कारण उजव्यानं तिचं चाललंय. माझंही चाललं होतं.

उद्या मी तिच्या वाडीवर जाणार आहे. तिची आई नाही म्हणाली तर परवा पुन्हा जाईन. बापाशी बोलेन, शाळेत बोलेन, माझी जाड काच घालून तिच्या शेजारी बाकावर बसेन. त्यानंतर त्या दोन पोरांकडं. त्यांच्या वाड्या मला पाठ आहेत. त्यांच्या आयांना सांगेन, तुमच्या पोरांचा नंबर कापलाय, आणि मला माहीत असून मी गप्प बसले. त्या शिव्या देतील. द्याव्यात. मी ऐकून घेईन, पण पोरांच्या डोळ्यांवर खरा नंबर चढेपर्यंत त्यांचं दार सोडणार नाही.