ठकी जेवेना

"आबा, ही बाटली कुणी दिली?"

"कुनी कशाला देतंय? माजीच हाय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तवाची. माजा डोळा बरा झाला, मंग हिचा का न्हाई व्हनार?"

मी कपाळावर हात मारला. कुसगावात माझं जनावरांचं क्लिनिक आहे. आबा बेडश्याचे, भातशेतीवाले. टेबलावर त्यांची मांजर ठकी. दोन्ही डोळे चिपडांनी चिकटलेले, नाक चोंदलेलं, श्वासाची घरघर. डोळे पुसून मी त्यात तपासणीचा हिरवा रंग टाकला. बुबुळावर जखम असली की तो तिथे चिकटून राहतो. डाव्या डोळ्यात चिकटला. आणि आबांच्या ड्रॉप्समध्ये स्टेरॉईड होतं. अशा जखमेवर स्टेरॉईड म्हणजे डोळा घालवायचीच तयारी! बाटली मी सरळ डस्टबिनमध्ये टाकली.

"डोळा जातोय का काय?"

"डोळ्याचं मी बघते. ती जेवते का?"

"परवापास्नं दुधालाबी तोंड लावंना."

खरा धोका हा होता. मांजर वासावर जेवतं. नाक बंद, की जेवण बंद. आणि असं उपाशी राहिलं की लिव्हर बिघडतं, मग आमच्याही हातात फार काही उरत नाही.

नवे ड्रॉप्स आणि औषध दिलं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने डोळे पुसायचे, दर डोळ्याला नवा कापूस. मोरीत गरम पाण्याची वाफ कोंडून तिला मांडीवर घेऊन बसायचं. "आणि सुकट धुऊन शिजवा, कोमट असताना द्या. तो वास तिला बंद नाकातूनही येईल."

आबांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. "म्याडम, आमच्या घरात अंडंबी येत न्हाई."

"मग हिला इथे ठेवा. मी खाऊ घालते."

"न्हाई वो, दुसऱ्याच्या हातचं ती खायाची न्हाई. लय मानी हाय."

"आबा, उद्यापर्यंत तिच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. नाहीतर ती मरेल. आता तुम्ही ठरवा."

ते ठकीला उचलून घरी घेऊन गेले. खाल्लं तर ठकी जगेल याची मला खात्री होती. आबा सुकट शिजवतील याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन आला. हसून हसून तिला बोलता येईना. "म्याडम, आबांनी गोठ्यामागं चूल मांडलीया. नाकाला उपरनं बांधून सुकट शिजवत्यात!" तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला, "खाल्लं! अगं, समदं खाल्लं!"

मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

डोळा वाचला, फक्त एक पुसट पांढरा डाग राहिला. मांजर पाळणाऱ्यांना आता मी बजावते, डोळे पुसा, वाफ द्या, पण आधी ती जेवते का ते बघा.

शेवटच्या तपासणीला मी आबांना विचारलंच, "माळेचं काय केलंत मग?"

"काय करायचंय?" आबा म्हणाले. "माळ माज्या गळ्यात हाय. ठकीनं कुटं घातलीया?"