इंजिनचा दिवा विझेना

भूत, झपाटणं, बाहेरची बाधा... असलं कोणी बोलायला लागलं की मी उठून आपल्या कामाला लागते. गावातल्या कितीतरी मेलेल्या बायांना या हातांनी आंघोळ घातली आहे आणि घरी येऊन पोटभर जेवले आहे. कधी काही दिसलं नाही. तरी हे लिहिते, कारण झालं ते माझ्या डोळ्यांसमोर आणि भर दुपारी झालं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. दोन हजार सात-आठचा उन्हाळा असेल. माझा मुलगा विलास जुनी कार भाड्यानं चालवायचा. एक दिवस तिच्या मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. गाडी चालायची नीट. हायवेवरच्या जाम गावातल्या मेकॅनिकनं मशीन लावून पाहिलं — दोष काहीच नाही. वायरी बदलल्या, बॅटरी काढून परत लावली... दिवा तसाच. शेवटी त्यानं मीटर उघडून तो बारका बल्बच काढला. मी तिथेच स्टुलावर बसले होते. बल्ब त्याच्या तळहातावर, आणि मीटरमध्ये दिवा जळतोय!

"काकू, ही गाडी घेऊन जा इथून," तो म्हणाला.

"काम येत नाई तर दुकान काऊन उघडलं?" मी म्हटलं. पण येताना त्या दिव्याकडे पाहायचं मी टाळलं. गाडी दारात उभी करून ठेवली.

आठवडाभरात सुनेला, संगीताला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. रक्त जाऊ लागलं. दुसरी गाडी मिळेना. तिला मागच्या सीटवर आडवं केलं, मी पुढे बसले आणि वर्ध्याकडे निघालो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, जागा नाई."

मागे वळून पाहिलं. अख्खी सीट मोकळी, आणि ही दाराला चिकटून अंग चोरून बसलेली. मी म्हटलं, पाय पसर.

"कसे पसरू? जागा नाई ना."

विलासनं आरशात पाहिलं. गाडीचा वेग वाढवला.

जामच्या अलीकडे एका गावाचा फाटा आहे, नाव लिहीत नाही. तिथे गाडी बंद पडली. चावी फिरवली तर आवाज नाही, हॉर्नसुद्धा वाजेना. सगळं मेलेलं — जळत होता तो एकटा पिवळा दिवा. संगीताची साडी भिजून सीटवर रक्त उतरलं होतं. "इथंच, आई, इथंच," म्हणत विलास स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागला. मी त्याला गदागदा हलवलं. इथं काय झालं, सांग.

मग त्यानं सांगितलं. दिवा लागला त्या दिवशी तो पलीकडच्या गावातल्या एका बाईला दवाखान्यातून घरी नेत होता. डॉक्टरांनी आशा सोडलेली. या फाट्यावर ती म्हणाली, दादा, माह्यं माहेर आलं, थांब, मायले भेटू दे. तिचा नवरा म्हणाला, चाल. विलासनं गाडी थांबवली नाही. फाटा मागे पडला आणि बाईनं जीव सोडला. याच सीटवर.

"हे तू मले आता सांगून राह्यला?"

मी उतरले. संगीता नव्हती त्या बाजूचं मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटला म्हटलं, "उतर बाई. तुह्यं माहेर आलं. माह्या सुनेले जाऊ दे."

काही झालं नाही. नुसतं ऊन. मग गाडी माझ्या बाजूला दबली, माणूस उतरताना दबते तशी, आणि वर आली. संगीतानं, कोणी न सांगता, पाय पसरले.

दिवा विझला होता. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. सून वाचली, नातही वाचली. संगीताला त्या रस्त्यातलं काहीच आठवत नाही. दिवा पुन्हा लागला नाही — लागेल कुठून, बल्ब तर जामलाच राहिला.

विलास म्हणतो, कुठे वायर चिकटली असेल. असेल. मला सांगता येत नाही. पण त्या बाईची आई अजून त्या फाट्यावरच्या गावात एकटी राहते. बाजारात कोणीतरी मला लांबून दाखवली. आमची ओळख नाही, कधी बोलणं नाही. तरी आता मी दिसले की ती थांबते आणि मला हात जोडते.

कशाबद्दल, ते विचारायची माझी हिंमत नाही.