पलंगापासून मोरीपर्यंत

पहिल्या दिवशी स्टूल हललं. टेलिफोन ठेवायचं आमचं लाकडी स्टूल संध्याकाळी मी दवाखान्यातून आले तेव्हा स्वयंपाकघरात गेलेलं होतं आणि टेलिफोन खिडकीत बसला होता. दुसऱ्या दिवशी दारातलं पायपुसणं गायब. तिसऱ्या दिवशी पलंग सरकून भिंतीला चिकटलेला. घरात माणसं दोनच, मी आणि सासूबाई, आणि मी तर दिवसभर बाहेर. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "झाडून काढलं."

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला हसून बोलला की मी दुधात बोट बुडवून बघते. त्यात ते दिवसच तसे होते. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरत होतं, आणि आम्ही चौबे कॉलोनीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. हे, म्हणजे माझे यजमान, सिलतऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्यात फिटर होते. भट्टीजवळ काम करताना गरम राख उसळून यांच्या तोंडावर आली. चेहऱ्यावर निभावलं, पण दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांनी उघडू, मग कळेल दिसतं की नाही.

त्या दहा दिवसांत मी कुणावर म्हणून विश्वास ठेवला नाही. डॉक्टर "देखते हैं" म्हणाले की मला वाटे, यांना आत्ताच सगळं माहीत आहे, सांगत नाहीत. कारखान्याचा माणूस सफरचंदं घेऊन आला आणि त्याच पिशवीतून त्याने सहीसाठी एक कागद काढला. मी कागद आणि सफरचंदं दोन्ही परत पाठवली. हे हसून म्हणाले, "सफरचंदं तरी ठेवायची होती." ते हसणंही मला खरं वाटलं नाही. मला धीर द्यायला नाटक करताहेत, असंच वाटलं.

सगळ्यांत जास्त संशय मात्र सासूबाईंचा. एकुलता एक मुलगा, आणि या बाईच्या डोळ्याला पाणी नाही! सकाळी देव्हाऱ्यातल्या पितळेच्या बाळकृष्णाला आंघोळ घालायची, दिवा लावायचा, दोन मिनिटं हात जोडायचे आणि माझ्या हातात यांचा डबा द्यायचा. मी रडायला लागले की म्हणायच्या, "देव हाये ना. तू काहून घाबरून राहिली?" मला या बोलण्याची चीड यायची. मी पण मनातल्या मनात यांचे डोळे मागत होते, पण मागतानाच वाटायचं, ऐकतंय कोण?

पाचव्या दिवशी शेजारच्या दीदीची कपडे वाळत घालायची दोरी आमच्या पलंगाखाली गुंडाळून ठेवलेली सापडली. मी तडक दीदीकडे गेले. "अम्मा से पूछो, हमको बताने से मना किया है," असं म्हणून तिने दार लोटून घेतलं. आता कुठंतरी पाणी मुरतंय याबद्दल मला शंकाच उरली नाही. ही सासूबाईंना कुण्या बैगाकडे, मंत्र घालणाऱ्याकडे घेऊन गेली असणार. त्यानेच सांगितलं असणार, सामान हलवा, पलंग फिरवा, दोरीने घर बांधा. म्हणजे "देव हाये" हे फक्त माझ्यासाठी, आणि स्वतःचा बंदोबस्त वेगळा!

आठव्या दिवशी दवाखान्यात जुने कागद मागितले, म्हणून मी भर दुपारी घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. चपला हातात घेऊन मी पावलांचा आवाज न करता आत शिरले.

सासूबाई खोलीच्या मध्यावर होत्या. डोळ्यांवर पंचा घट्ट बांधलेला. पलंगापासून खिडकीच्या गजापर्यंत आणि तिथून मोरीच्या दाराच्या कडीपर्यंत ती दोरी कमरेच्या उंचीवर ताणून बांधलेली. एका हाताने दोरी धरून त्या पाय घासत चालत होत्या आणि मोजत होत्या, "सात... आठ..." कोपराला खरचटलं होतं, त्यावर हळद लावलेली. किती वेळा आपटल्या होत्या कोण जाणे. मोरीशी पोचल्यावर त्या वाकल्या, हाताने उंबरा चाचपला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "इथं ठेच लागन पोट्ट्याले."

मला सगळं कळलं आणि माझं डोकं फिरलं. हातातल्या चपला मी खाली आपटल्या.

"म्हणजे यांना दिसणार नाही हे तुम्ही धरूनच चालला आहात! मग मला कशाला रोज सांगता, देव आहे म्हणून?"

त्यांनी पंचा काढला नाही. माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"देव हाये असं म्हटलं मी. डोळे देईन असं कवा म्हटलं? तो काय देईन ते मले काय माहीत? जसा येईन तसा माहा पोट्टा घरी येईन. त्याले ठेच लागू नये, एवढं तं आपल्या हातात हाये ना."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तं हात कामात गुंतवून राहिली."

मला लाजही वाटत होती आणि लाज वाटल्याचा रागही येत होता. मग मी उंबऱ्यावर राग काढला. हा असा कसा राहू द्यायचा, म्हणून पोत्याची जाड घडी आणली. सासूबाईंनी पंचा सोडून ती धरली आणि मी खिळे ठोकले. दवाखान्यात कागद तासभर उशिरा पोचले.

दहाव्या दिवशी पट्टी उघडली. डाव्या डोळ्याने यांनी आधी खिडकी पाहिली, मग मला. म्हणाले, "तू किती वाळली!" उजवा डोळा मात्र गेला होता. तो परत यायचा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. पण मी तर हरखून गेले होते. रिक्षा करून घरी आले आणि दारातूनच ओरडले, "आई, दिसतंय! एका डोळ्याने दिसतंय!"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "एका?" एवढंच म्हणाल्या. सूप बाजूला ठेवून देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि बाळकृष्णाला उचलून त्यांनी तोंडासमोर धरलं.

"एकच काहून देला रे? मी कवा काही मागलं तुले? एक शब्द नाही बोलली. मागलं नाही म्हणून अर्धंच देतं का? बोल ना! आता काहून चूप बसून राहिला?"

आणि त्या हमसाहमशी रडायला लागल्या. दहा दिवसांचं सगळं रडणं त्यांनी या बाळकृष्णासाठी राखून ठेवलं होतं.

मी बघत राहिले. इतक्या हक्काने, इतकं तोंडावर, कुणी रिकाम्या जागेशी भांडत नाही. एवढं मला, संशयी बाईलाही, समजत होतं. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि बाळकृष्णाकडे बघून म्हणाले, "त्या विचारताहेत ना. बोल."