माझ्या झोपेवर तात्यांचा पहारा

सुभेदार तात्यांनी सरहद्दीवर पहारा दिला, हे कोरेगावात कुणीही सांगेल. माझ्या झोपेवरही त्यांनी पहारा दिला, हे मात्र फक्त आमच्या घराला ठाऊक आहे. तात्या माझे सख्खे चुलते, मिलिटरीतून रिटायर झालेले. मी बारावीला होते तेव्हा पहाटे आंघोळ उरकून, मिशीला पीळ देऊन ते आमच्याकडे येत, माझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि कुणी जवळ आलं की ओठांवर बोट ठेवत. एरवी आवाज असा, की यांनी हाक मारली तर शेजारची म्हैस उठायची. तो माणूस कुजबुजतोय म्हटल्यावर सगळे चिडीचूप!

त्याआधी माझे फार हाल झाले होते. रात्री झोपच यायची नाही. आईने मोबाईल काढून कपाटात कुलूपबंद केला, तरी मी टक्क जागी. पहाटे कुठे डोळा लागायचा आणि नेमकी तेव्हाच आई पांघरूण ओढायची. केर काढताना पोर लोळत पडली की लक्ष्मी घराबाहेर जाते, हा आमच्याकडचा कायदा. मग सकाळभर मी आईवर वसवस करायची आणि साताऱ्याच्या क्लासला जाताना एसटीत रडायची. चाचणीत नापास झाले. एक दिवस पुस्तकं कोपऱ्यात भिरकावली आणि म्हणाले, "मला शिकायचं नाही. मला काहीच नको." खरंच काही नको होतं, जेवणसुद्धा.

आईने दृष्ट काढली, नवस बोलली, शेवटी मला देवऋष्याकडे न्यायला गाडी सांगितली. गाडी दारात उभी राहिली आणि तात्या आले.

"हिला काय बी झालं न्हाई, सुमन. पोरगी रातपाळीची हाय."

"आवं तात्या, पोरीच्या जातीनं उन्हं वर येईस्तवर झोपायचं? लोक काय म्हनतील?"

"लोकांस्नी माझ्याकडं धाड! बोर्डाचा पेपर अकराला असतोय न्हवं? मग पहाटं उठवून कुनाचा पेपर लिवून घेतीस?"

आई काहीतरी पुटपुटली. तात्या खाली बसले आणि त्यांचा आवाज एकदम उतरला.

"पलटणीत मी मानूस बघून पहारा लावायचो. रातचा ताजा त्याला रातचा, पहाटंचा त्याला पहाटंचा. लय नाव हुतं माझं. आन घरात मातर सगळ्यांस्नी एकच बिगुल! विनूला मी अंगावर पानी वतून उठवलाय. चारचौघांत आळशी म्हनलोय. त्यो बी असाच हुता. गेला पुण्याला, आता दिवाळीला बी येत न्हाई. एक लेकरू घालवलं, सुमन. ही घालवायची न्हाई."

विनूदादा त्यांचा एकुलता एक. त्याचं नाव तात्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत आम्ही ऐकलं नव्हतं. आईने गाडी परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी दारात खुर्ची आली. क्लासच्या सरांना गाठून तात्यांनी मला संध्याकाळच्या बॅचला घातलं. नुसते लाड नव्हते हं! उठायची वेळ ठरलेली, उठल्याबरोबर उन्हात चालायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही. "शिस्त म्हंजे पहाट न्हवं गड्या," म्हणायचे, "शिस्त म्हंजे रोज एकच येळ." पोरीला गड्या! आज मी सांगलीत दुपारच्या पाळीची नोकरी करते आणि ही शिस्त अजून मोडलेली नाही. तेव्हा हळूहळू भूक लागू लागली. एका सकाळी मी आईशी हसून बोलले, तर ती बिचारी चहा गाळता गाळता रडायलाच लागली.

बारावीचा निकाल छान लागला. त्यानंतरच्या रविवारी मी तात्यांकडे गेले, तर ते फोन हातात धरून बसलेले. "विनूला लाव," म्हणाले. स्वतःची चूक ओळखणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण त्या वयात ती निस्तरायला बसलेला हा एकच माणूस. मी नंबर लावला, स्पीकर चालू केला. सकाळ बरीच वर आली होती, तरी पलीकडून जडावलेला आवाज आला, "हॅलो?"

तात्या दचकले.

"विनू, झोपला हुतास व्हय रं? झोप, झोप बाळा. मी मागनं करतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग विनूदादा म्हणाला,

"न्हाई तात्या. बोला. जागा हाय मी."