ताई आणि शेवटची दोन षटकं

वीज जाते याबद्दल माझी तक्रार नाही. ती पेपरात छापलेल्या वेळेला, मिनिटभरही उशीर न करता जाते, ही तक्रार आहे. ज्या बदलापुरात नळाचं पाणी, रिक्षा आणि नगरसेवक यांपैकी काहीच वेळेवर येत नाही, तिथे भारनियमनाने एखाद्या रविवारी आळस करावा, एवढी एका करदात्याची माफक अपेक्षा होती. भारताची मॅच, आणि बारा ते पाच अंधार.

ताई आठवडाभर राहायला आली होती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, नाशकात असते. साडेअकराला ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "उल्हासनगरला असेल का रे वीज?"

पेपर पाहिला. तिथल्या कॅम्प चारची, आमच्या जुन्या वस्तीची, भारनियमनाची पाळी सकाळीच उरकली होती. बायको म्हणाली, "तुम्ही जा. टीव्ही बंद म्हणजे मला सुट्टी." म्हणून पन्नाशीला टेकलेले दोन भाऊबहीण विजेच्या मागावर निघाले.

जाणाऱ्यांसाठी माहिती: मांजर्लीहून, म्हणजे आमच्या घरापासून, स्टेशनपर्यंत रिक्षा, पूल चढून पूर्वेला, तिथून अंबरनाथची सहा आसनी. तिच्यात नऊ जण बसले की ती भरली असं समजतात. माणशी दहा रुपये. कारखान्यांचा वास सुरू झाला की अर्धा रस्ता संपला. अंबरनाथ पूर्वेला उतरून वडापाव खाल्ला. चटणी तिखट, मालक त्याहून. ताईने कांदा मागितला तर म्हणाला, "कांद्याचा भाव बघितला का, मावशी?" तिथून दुसरी रिक्षा, थेट कॅम्प चार.

आमचं लहानपण तिथल्या बराकीतलं. मॅच बघायचो शेजारच्या सिंधी दादींकडे, ब्लॅक अँड व्हाइटवर. त्या खोलीचे नियम माझे. भागीदारी जमली की जो जसा बसलाय तसाच बसायचं, पायाला मुंग्या आल्या तरी. एकदा ताई दारातून आत आली आणि लागोपाठ दोन विकेट पडल्या. मी तेरा वर्षांचा होतो. जागच्या जागी निकाल दिला: ताई बाहेर. त्यानंतर प्रत्येक मॅचला ती पायरीवर तांदळाचं ताट घेऊन बसायची. आत आरडाओरडा झाला की विचारायची, "आपले का त्यांचे?" जिंकलो की बाबा स्टीलच्या डब्यातून फालुदा आणायचे. तिला हाक मारेपर्यंत शेवया संपलेल्या आणि उरलेलं गुलाबी पाणी.

पुढे तिचा स्वतःचा रंगीत टीव्ही आला, पण तेव्हा सासऱ्यांचा चहा आला, मुलांच्या परीक्षा आल्या. आपण जिंकलो तो चेंडू तिने आजवर एकदाही डोळ्यांनी पाहिलेला नाही. रिक्षात तिनेच हे सांगितलं, हसत. मी बाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

बराकीच्या जागी आता चार मजली इमारत आहे, खाली पडद्यांचं दुकान. ताई पायरी शोधत होती. "इथेच होती," म्हणाली, आणि पडदेवाल्याने तिला गिऱ्हाईक समजून तीन रंग दाखवले.

फालुद्याचं दुकान मात्र होतं, मुलगा म्हातारा होऊन बापाच्या गल्ल्यावर बसलेला. कोपऱ्यात टीव्ही चालू. "आओ साईं, बसा," तो म्हणाला, "आधी पापड-पाणी, मग मॅच." सिंध्यांकडे पाहुण्याला पापड दिल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही. दोन फालुदे, चाळीस रुपये. सब्जा, शेवया, गुलाबाचं सरबत, वर आइस्क्रीमचा गोळा. ताईने पहिला चमचा खाल्ला, दुसऱ्याने तळ ढवळून पाहिला. मग म्हणाली, "शेवया असतात होय यात."

शेवटची दोन षटकं उरली. आपल्याला तेरा धावा हव्या होत्या. मी टीव्हीत घुसलो होतो. वळून पाहिलं तर ताईची खुर्ची रिकामी.

ती बाहेर दुकानाच्या पायरीवर उभी होती, पाठ टीव्हीकडे, पर्स पोटाशी धरून. कोणी तिला उठवलं नव्हतं.

"आत ये ना."

"राहू दे रे. चाललंय चांगलं."

मी तिला हात धरून आत आणलं. ती बसली, आणि पुढच्याच चेंडूवर दांडी उडाली.

शेजारच्या टेबलावरचा एक पोट सुटलेला गृहस्थ अगदी अदबीने म्हणाला, "दीदी, आप बाहरही ठीक थे ना."

ताई लगेच उठली. मी त्या माणसाला काहीतरी झणझणीत ऐकवणार होतो, माझा तो धंदाच आहे. पण त्याच्या तोंडून माझाच आवाज आला होता, तेरा वर्षांचा. ताई बाहेर गेली, आणि तरीही आपण सहा धावांनी हरलो.

परतताना ती म्हणाली, "मी आत आले नसते तर?"

"तरी हरलो असतो."

"तुला काय माहीत," ती म्हणाली. चाळीस वर्षांचा विश्वास एका पराभवाने हलत नाही, हे मला कळायला हवं होतं.

घरी आलो. वीज आली होती, फालुद्याची चव स्टेशनच्या पुलापर्यंतच टिकली. जाऊन यावं का, असं कोणी विचारलं तर सांगेन, जा. पायरी मिळणार नाही, शेवया मिळतील.

बुधवारी दुसरी मॅच होती, वीज होती. शेवटची षटकं आली तशी ताई उठली, स्वयंपाकघरातून तांदळाचं ताट घेऊन दाराकडे निघाली. मी ताट तिच्या हातातून घेतलं, तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि आत ओट्यापाशी पाट टाकून तांदूळ निवडायला बसलो. बायकोने पाय बाजूला घेऊन जागा करून दिली.

थोड्या वेळाने बाहेर ताई मोठ्याने ओरडली. आपले का त्यांचे, ते मी विचारलं नाही. एक खडा सापडला होता, तो काढून बाजूला ठेवला.