वाव्हळभाऊंची तारीख

मुलीकडे नाशिकला होते तेव्हा शेजारच्या हेतलचा फोन आला. "आंटी, वाव्हळ अंकल नहीं रहे… सुबह दरवाज़ा ही नहीं खोला." फोन ठेवला आणि पहिला विचार काय यावा? पुढच्या महिन्यात भाऊंची कोर्टाची तारीख आहे, आता कोण जाणार?

भाईंदर पूर्वेला आमची दारं समोरासमोर. भाऊंनी उभा जन्म स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारण्यात घालवला. वहिनी गेल्या, मूलबाळ नव्हतं, जालन्याकडचे भाऊबंद फोनसुद्धा करेनात. अशा माणसाने गप घरी बसावं की नाही? तर कारखान्यातला एक पोरगा मारामारीत अडकला आणि हे त्याला जामीन राहिले. पोरगा दोन-चार तारखांना आला, मग जो पसार झाला तो कायमचा. कोर्टाने जामिनाची रक्कम दंड म्हणून भाऊंना भरायला सांगितली. त्यांनी हात जोडून हप्ते मागून घेतले. हप्ता चुकला की जप्ती, आणि घरात जप्त करण्यासारखं वहिनींचं कपाट तेवढं होतं.

मी भडकले होते. "कुणी सांगितली होती नसती उठाठेव?"

"त्याची आई दारात उभी होती ना, ताई. काय करणार?"

मग भाऊंनी दूध बंद केलं, पेपर बंद केला, माझा शिळा पेपर नेऊ लागले. मी पैसे पुढे केले की हसायचे. "पेपर चालतोय, पैसे नको." हप्त्याच्या तारखेला मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ठाण्याची बस पकडायचे.

एकदा त्यांच्या अंगात ताप होता म्हणून मी हट्टाने सोबत गेले. पैसे भरले, पावती मिळाली, तरी हे बाकावरून हलेनात. कारकून म्हणाला, "काका, पावती दाखवलीत ना, आता जा घरी, थांबायची गरज नाही." भाऊ बसूनच. दुपारी शिपायाने दारातून पुकारा केला, "किसन सखाराम वाव्हळ!" आणि तापाने फणफणलेला हा माणूस शाळेतल्या मुलासारखा ताडकन उठला. "हजर!"

परतताना बसमध्ये मी चांगलंच झापलं त्यांना.  ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ताई, ती गेल्यापासून माझं अख्खं नाव कोण घेतंय? बापाचंपण नाव येतं त्यात…"  मीही एकटीच राहते. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

भाऊ गेल्यावर इस्त्रीवाल्याने त्यांचा शर्ट माझ्याकडे आणून दिला. तो अजून माझ्या खुर्चीच्या पाठीवर आहे, आत ठेवायला मन होत नाही.

गेल्या आठवड्यात मृत्यूचा दाखला घेऊन मीच कोर्टात गेले. कारकुनाकडे देऊन निघता आलं असतं, पण भाऊंच्या बाकावर बसले. दुपारी पुकारा झाला, "किसन सखाराम वाव्हळ!" दाखला हातात होता, पुढे जायचं होतं… गेले नाही. शिपायाने पुन्हा नाव घेतलं. घेऊ दे म्हटलं. यापुढे ते कोणीच घेणार नव्हतं. तिसऱ्यांदा त्याने जरा मोठ्याने पुकारलं, तेव्हा मी उठले.