माझ्या भावाचं तखल्लुस मुलाणी होतं

"शेर मागनं. आधी बकरी कशी वरडती ते ऐकव."

सरकार माईकवर असं बोलले आणि सगळा हॉल हसला. सांगलीत दुपारचा मुशायरा होता. स्टेजवर गाद्या, लोड, अत्तराचा घमघमाट. मधोमध माझा धाकटा भाऊ इस्माल उभा. अंगात मी धुऊन इस्त्री केलेला पांढरा सदरा. हात पिवळे. हळदीच्या गिरणीत काम करायचा. कितीही घासलं तरी ती हळद नखातनं जायची नाही.

त्याचा गुन्हा एवढाच. निवेदकानं विचारलं, तखल्लुस काय? शायर स्वतःला जे नाव घेतो, ते. सगळे कशी गोड गोड नावं घेतात. माझा भाऊ म्हणाला, "मुलाणी."

मुलाणी म्हणजे गावात बकरी कापणारा. आमची जात.

सरकार म्हणजे त्या मुशायऱ्याचे मालकच. उंच घराणं. पेठेत दुकानं, नदीकाठाला ऊस. उर्दू ह्या मुलखात आमच्या आजोबांनी आणली, असं ते दर भाषणात सांगायचे. त्यांना हसू आवरेना. म्हणाले, "मुलाण्या, वरड की. मग शेर म्हण. आम्ही ऐकतो."

मी बायकांच्या बाजूला, पडद्यामागं होते. फटीतनं बघत होते. मनात म्हणत होते, उतर खाली. उतर, इस्मल्या.

तो उतरला नाही. त्याला शेर म्हणायचा होता. त्यानं डोळे मिटले आणि तो ओरडला. बकरीसारखा. माईकमधनं तो आवाज हॉलभर झाला. माणसं मांड्यांवर थापा मारून हसली. शेजारची बाईसुद्धा हसली.

सरकारांनी हात वर केला. "बस. इतना काफी है. अगला शायर."

शेर म्हणूच दिला नाही.

आम्ही म्हसवडकडचे. घरात बोली मराठीच. जत्रेला हिंदूंच्या घरची बकरीही माझ्या बापाच्या सुरीनं कापायची. मटण सगळे खायचे, अब्बांचा वाटा उंबऱ्याबाहेर ठेवायचे. आणि मशिदीत गेलं की मोठ्या घराण्यांची माणसं अब्बांपासून हातभर सरकून बसायची. दोन्हीकडं आम्हीच घाण.

इस्माल सांगलीला कामाला आला, तिथं एका म्हाताऱ्या मास्तरांकडं उर्दू शिकला. येडा झाला त्या भाषेपायी. मी मिरजेला एका दवाखान्यात आया होते. आम्ही एकाच खोलीत राहायचो. मी भाकरी थापायची आणि तो तरुणपणी मेलेल्या शायरांच्या गोष्टी सांगायचा. कुणी क्षयानं गेलं, कुणी दारूनं, कुणी उपाशी, कुणी तुरुंगातनं आला आणि उठलाच नाही. लय माया त्याला त्या मेलेल्या पोरांची. पण एकदा चिडून म्हणाला होता, "आक्के, ह्यास्नी मारलं कुणी, ते पुस्तकात कुठंच न्हाई. नुस्तं लिवत्यात, जवानीत गेले. जसं काय गाडीच चुकली."

मुशायऱ्याहून आल्यावर तो जेवला नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "मी वरडलो, आक्के."

"मी बघितलं."

"आता त्यांचा आवाज काढतो."

पुढच्या आठवड्यात त्यानं मार्केट यार्डाजवळच्या चहाच्या गाड्यावर उभं राहून एक गझल म्हटली. हमाल, रिक्षावाले, व्यापाऱ्यांची पोरं, सगळे थांबले. त्यातला एक शेर असा:

दावत सारी तुमने खाई, थाल तुम्हारे घर के थे
खून का जब इल्ज़ाम लगा तो हाथ अकेले मेरे थे

तो कुणाला उद्देशून होता ते सगळ्या सांगलीला कळलं. एकानं मोबाईलवर घेतलं होतं. ते फिरलं. लग्नात वाजलं, बसमध्ये वाजलं. सरकारांच्या दुकानासमोरनं जाताना पोरं मोठ्यानं म्हणायला लागली.

मग सरकारांचा पुतण्या गिरणीत आला. भरदिवसा. बरोबर माणसं होती. चालू गिरणीतनं भावाला केसाला धरून बाहेर ओढला. सगळे कामगार बघत होते. लोखंडी पाईप होता. पुतण्या म्हणाला, "ज्या तोंडानं म्हनलास, ते तोंड आन हिकडं." पहिला फटका जबड्यावर. मग बुटानं एका हाताची बोटं चिरडली. मग डोक्यात. पडला तरी मारलं. गप झाला तरी मारलं.

मी वॉर्डात फरशी पुसत होते. स्ट्रेचर आलं. मी बाजूला झाले, पेशंटला वाट दिली. तोंड म्हणजे नुसता लाल गोळा. हाताकडं नजर गेली. पिवळा हात. फडकं माझ्या हातनं सुटलं.

त्याचा जबडा तारेनं बांधला. बोलता येईना. डोक्यात रक्त साकळलं होतं. मी ड्युटी संपली की त्याच्या कानाशी बसून त्याचीच गझल म्हणायची. मला उर्दू वाचता येत नाही. नुसतं ऐकून पाठ. चुकले की तो माझ्या मनगटावर बोट टेकवायचा. मी परत म्हणायची. एका सकाळी मी मुद्दाम चुकले. बोट हललं नाही.

ठाण्यात लिहिलं, दारूच्या नशेत घाटाच्या पायऱ्यांवरनं पडला. माझा भाऊ दारूला शिवत नव्हता. कामगार माझ्या कानात सगळं सांगून गेले होते, पण ठाण्यात त्यांतल्या एकानंही काही बघितलं नव्हतं. अब्बांनी त्या कागदावर अंगठा दिला. मी ओरडले तर म्हणाले, "पोरी, एक गेलं. तू हाईस. आपल्याला जगायचंय. गप ऱ्हा."

मी गप राहिले. आतनं सडत गप राहिले.

वर्ष झालं. तोच हॉल. बाहेर फ्लेक्स. माझ्या भावाचा फोटो, एवढा मोठा की गाल उसवल्यासारखा दिसत होता. खाली लिहिलं होतं, जवानीत विझलेला तारा. मुशायरा त्याच्या आठवणीत, सरकारांच्या अध्यक्षतेखाली. आमच्या घरी गाडी पाठवली होती. बहिणीचा सत्कार करायचाय म्हणून.

मी गेले. का गेले, मला ठाऊक नाही. बघायचं होतं ह्यांची जीभ कुठवर जाते.

जीभ लांब गेली. सरकार रडले. खरंच डोळे पुसले. म्हणाले, खुदा आपल्या लाडक्या शायरांना लवकर बोलावतो. म्हणाले, शराबनं आपला हिरा नेला. कुठल्या तरी पोरीनं दिल तोडलं, असंही म्हणाले. माझ्या भावाच्या आयुष्यात पोरगी नव्हती, गिरणी होती. लोक "वाह" म्हणत होते. जिता होता तवा ह्यांनी त्याला बकरी केलं. मेल्यावर त्याचा हिरा झाला. मेलेला शायर बरा. तो उलटून बोलत नाही.

माझं नाव पुकारलं. मी पडदा बाजूला करून स्टेजवर गेले. शालीचं तबक घेऊन कोण उभं होतं? पुतण्या.

मी शालीला हात लावला नाही. माईक घेतला.

"माझा भाऊ दारूनं मेला न्हाई. हा समोर उभा हाय ना, ह्यानं पाईपनं मारला. आन ज्यांनी आता डोळं पुसलं, त्यांनी मारायला लावला."

माईक बंद झाला. पुतण्यानं तबक टाकलं, माझा हात पिरगाळला, मला केसाला धरून खाली दाबलं. तसंच. भावाला धरला होता, तसंच. माझ्या डोक्यात काही तरी तुटलं. माईक हातातच होता. मी तो उलटा धरला आणि त्याच्या तोंडावर घातला. सगळा जोर लावून. दात पडला. पांढऱ्या गादीवर रक्त उडालं. त्यानं मला लाथ मारली, मी परत मारलं. मग आणखी माणसं आली. पाठीत, पोटात, कानशिलात. मी खाली पडले आणि पडल्या पडल्या गझल म्हणायला लागले. बिनमाईकची. ओठ फाटला होता, शब्द वाकडेतिकडे पडत होते. तरी म्हणत होते.

पडद्यामागनं एक बाई धावत आली. मी तिला ओळखत नव्हते. "सोडा तिला, मुडद्यांनो!" म्हणत माझ्या अंगावर आडवी पडली. मग दुसरी आली. मग पडदाच खाली आला. आणि मागच्या रांगेतनं एक माणूस उठला. गिरणीतला, भावाशेजारी काम करणारा. वर्षभर काही बघितलं नाही म्हणत होता. आता बोलला.

"मी बघितलंय. मी तितं हुतो."

त्या संध्याकाळी फाटक्या ओठानं मी ठाण्यात बसले. हवालदार म्हणाला, "बाई, आधी दवाखान्यात जावा." मी म्हणाले, "दवाखान्यातच कामाला हाय. आधी लिवा." त्यानं लिहायला वेळ लावला. त्या बाया बाहेर बसून राहिल्या. उठल्या नाहीत. शेवटी त्यानं लिहिलं.

आता केस उभी आहे. माझ्यावरही आहे, दात पाडल्याची. मी नाकारलेली नाही. पाडला, असं वकिलाला सांगितलंय. नोकरी गेली. एका शिवणकामाच्या कारखान्यात जाते. अब्बा बोलत नाहीत. त्या साक्षीदाराच्या घरावर दगड पडले, तरी तो फिरलेला नाही. खोलीच्या दाराशी रोज सरकारांचं कुणी तरी उभं असतं. मी उशाला सुरी घेऊन झोपते. मुलाण्याची पोर आहे, सुरी कशी धरायची ते कुणी शिकवायला लागत नाही.

परवा पुण्याची माणसं आली होती. भावाच्या गझलांचं पुस्तक काढायचं म्हणाली. वर मावळता सूर्य काढू, अल्पायुषी शायर असं लिहू. मी म्हणाले, पहिल्या पानावर लिहा, ह्याला कुणी मारलं, कशानं मारलं, कुणी बघितलं. ते जमत असेल तर काढा. ते म्हणाले, विचार करून सांगतो. करा विचार.

त्याच्या कबरीवर मजार बांधू देणार नाही. त्याच्या नावानं कुणाला रडू देणार नाही. कोर्टात बोलवतील तेवढ्या वेळा जाणार. सरकारांच्या तोंडावर बोलणार, त्यांच्या पोरांच्या तोंडावर बोलणार, नातवांच्याही. आणि जवानीत मरणार नाही. ती हौस त्यांची. मी म्हातारी होणार.